रात्री बंद होणारा पंप आणि गच्चीवरचा पाईप

पत्र: आम्ही नाशिकला राहतो. मी निवृत्त शिक्षिका, शाळेत विज्ञान शिकवायचे. गेल्या दिवाळीत मुलाने परसात आठ फूट बाय पाच फूट, अडीच फूट खोल तळं बांधून घेतलं आणि १४ शोभेचे कोई मासे आणले. मे महिन्यापर्यंत सगळं छान होतं, फक्त पाणी हिरवं व्हायला लागलं होतं. जूनअखेरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत तीन मासे गेले. उरलेले पहाटे वर येऊन तोंड वासतात आणि दिवसा तळाला अंग घासतात. दुकानदाराने निळं औषध दिलं, एक पिवळी पावडर दिली, मूठभर मीठ टाकायला सांगितलं. सगळं केलं. पीएचची पट्टी सकाळी साडेसहा दाखवते आणि संध्याकाळी नऊ, म्हणजे पट्टीच खराब असावी. धबधब्याच्या आवाजाने शेजाऱ्यांची झोपमोड होते म्हणून रात्री दहाला पंप बंद करतो. ह्यांनी गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाईप तळ्यात सोडलाय, त्यामुळे पाणी ताजं राहतं. सासूबाई म्हणतात, तळंच चुकीच्या दिशेला आहे. नातवाने सगळ्या माशांना नावं दिली आहेत, तो रोज रडतो. आता आणखी कुठलं औषध घालू? गणपतीआधी तीन नवे मासे आणले तर चालतील का? यंदा घरचा गणपतीही याच तळ्यात विसर्जित करायचा विचार आहे.

उत्तर:

ताई, आणखी कुठलंच औषध घालू नका. जे घातलंय तेसुद्धा हळूहळू काढायचंय. आधी पट्टीबद्दल बोलू. पट्टी ठणठणीत आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची ओळ तीच, आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत.

हिरवं पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. दिवसा ते उन्हात अन्न बनवतं, पाण्याला आम्ल करणारा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढतो. रात्री शेवाळ श्वास घेतं, मासेही घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. हा चढउतार प्रत्येक तळ्यात असतो. धडधाकट तळ्यात तो अर्ध्या अंकाच्या आसपास राहतो. तुमच्याकडे तो अडीच अंकांचा आहे. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट, हे तुम्हाला मी सांगायला नको. अडीच अंक म्हणजे तीनशेपटीहून जास्त फरक, तोही रोज, त्याच माशांच्या कल्ल्यांवर.

एवढा झोका जातो कारण पाण्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार आम्ल पचवतात आणि पीएच जागेवर ठेवतात. कोई पाळणारे त्याला नुसतं ‘केएच’ म्हणतात. तुमच्या तळ्यातला केएच यजमानांच्या पाईपने धुऊन नेला. हिशेब करून बघा. तळं काठोकाठ भरलं तरी पाणी २,८०० लिटर. गच्ची ५०० चौरस फुटांची धरली, तर दोन इंच पावसात तिच्यावरून साधारण २,३५० लिटर पाणी खाली येतं. म्हणजे एका रात्रीच्या पावसात जवळजवळ तळ्याएवढं पाणी तळ्यात शिरतं आणि तेवढंच काठावरून निघून जातं. पावसाच्या पाण्यात केएच जवळपास शून्य. त्यात पहिला पाऊस गच्ची धुऊन आणतो: आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, वॉटरप्रूफिंगचे पोपडे. पाणी वाया जाऊ नये ही यजमानांची तळमळ चांगलीच आहे. फक्त तो पाईप बोअरच्या पुनर्भरणाकडे नाहीतर टाकीत वळवा. तळ्यावर थेट आभाळातून पडणारा पाऊस माशांना बाधत नाही.

आता अमोनिया. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहाल. कुठलं रूप किती, हे पीएच ठरवतो. पाणी २५ अंश सेल्सियस असताना पीएच ७ ला शंभरातला एक भागसुद्धा जहाल नसतो. ८ ला पाच भाग होतो. ९ ला छत्तीस. तळ्यात अमोनिया तेवढाच, पण संध्याकाळी पाच वाजता तो सकाळपेक्षा कितीतरी जास्त विषारी. अंग घासणं, पर मिटून बसणं, कल्ल्यांची भराभर उघडझाप, या गोष्टी रोगाशिवायही नुसत्या या जळजळीने होतात. दुकानदाराने पाणी न तपासता औषध दिलं ते म्हणूनच चुकलं.

संध्याकाळी असं भाजून निघालेले मासे रात्रीत शिरतात, आणि दहाला तुम्ही पंप बंद करता. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, लिटरला फार तर साडेसात मिलिग्रॅम. कोईला किमान पाच-सहा हवा. हिरव्या तळ्यात रात्रभर शेवाळ आणि मासे मिळून तो संपवत नेतात आणि सूर्योदयाच्या जरा आधी तो सगळ्यात कमी असतो. मासे पहाटेच तोंड वासतात ते यामुळे. मोठ्या पावसाच्या दिवशी आभाळ भरलेलं, ऊन नाही, म्हणजे दिवसाही शेवाळाने प्राणवायू बनवला नाही. वरून गच्चीची घाण आली आणि रात्री पंप बंद. तीन मासे गेले यात मला नवल वाटत नाही. अकरा वाचले याचंच वाटतं.

पंप बंद ठेवण्याचं आणखी एक नुकसान आहे, ते दिसत नाही. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंची वस्ती असते. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशांना चालून जातं, झाडांना तर हवंच असतं. हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. रात्रभर पाणी फिरलं नाही तर फिल्टरच्या डब्यातला प्राणवायू आधी संपतो, जिवाणू मरायला लागतात आणि आत कुजायला सुरुवात होते. उद्या सकाळी पंप सुरू कराल तेव्हा पहिल्या मिनिटाचं पाणी बादलीत धरा. काळपट असेल, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर रोज सकाळी तेच पाणी आधीच गुदमरलेल्या माशांच्या अंगावर सोडलं जातंय.

शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न सोपा आहे. आवाज पंपाचा नसतो, पाणी पडण्याचा असतो. प्लंबरकडून एक टी आणि एक व्हॉल्व्ह बसवून घ्या. रात्री धबधबा बंद आणि तेच पाणी फिल्टरमधून पाण्याखालच्या तोंडाने तळ्यात परत. सोबत हवेचा पंप घ्या, त्याच्या नळीला दोन मोठे एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे करणारे सच्छिद्र दगड, लावा आणि पंप रबराच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे घरघर होणार नाही. ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी दिवसाला पुरतं एक युनिटही लागत नाही. वीज गेली तर हाच पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे, तेवढी वायरिंग आत्ताच करून घ्या. पावसाळ्यात वीज रात्रीच जाते, हे मी नाशिककरांना काय सांगू!

आता क्रमाने. आज खाणं बंद, तीन दिवस अजिबात नाही. कोईला उपासाने काही होत नाही, हे नातवाला समजावायचं काम मात्र तुमचं. आजपासून पाचेक दिवस रोज पाचवा हिस्सा पाणी तळातून काढा आणि तेवढंच नवं भरा. नळाचा पाईप थेट तळ्यात सोडू नका. नळाला येणाऱ्या गंगापूर धरणाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ले जाळतं. पाणी ड्रममध्ये काढून एअरस्टोन लावून दिवसभर ठेवा, किंवा हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला एक ग्रॅम घाला. घरी बोअर असेल तर आणखी बरं, आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात केएच बहुधा भरपूर असतो. पण जमिनीतून उपसलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून तेही आधी तासन्‌तास खळखळवूनच घाला. या पाणीबदलात निळं औषधही निघून जाईल. ते मेथिलीन ब्लू असणार. अंड्यांवरच्या बुरशीला ते बरं, एखाद्या माशाला वेगळ्या टबात द्यायलाही बरं, पण तळ्यात ओतलं की फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं. पिवळ्या पावडरीच्या पुडीवर नाव नसेल तर ती फेकून द्या. बिननावाची पुडी तुम्ही नातवाला दिली असती का?

दोन दिवस पाणी बदलून झालं की खायचा सोडा. धुण्याचा नको, बेकिंग पावडरही नको. साधा खायचा सोडा. हजार लिटरला ३० ग्रॅम सोडा घातला की केएच एक अंश वाढतो. तुमच्या तळ्यात दगड, कुंड्या वजा जाता २,५०० लिटर धरू, म्हणजे एका अंशाला ७५ ग्रॅम. बादलीभर पाण्यात विरघळवून सकाळी, पाणी फिरत असेल तिथे हळूहळू ओता. रोज एवढाच, केएच पाच-सहा अंशांवर येईपर्यंत. घाई करून एकदम ओतलात आणि तळ्यात अमोनिया शिल्लक असला, तर पीएच चढून मघाशी सांगितलेलं गणित अंगावर येईल. म्हणूनच आधी पाणीबदल, मग सोडा. पुढे फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. पाणी आम्लाकडे झुकलं की तो आपोआप विरघळतो, पाऊसभर तेवढा आधार पुरतो. पट्ट्यांऐवजी थेंबांचा किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, पीएच, केएच. शाळेच्या प्रयोगशाळेत टायट्रेशन करून घेतलेल्या माणसाला केएचचे थेंब मोजायला उलट मजा येईल.

मीठ वाईट नाही, मूठभर मीठ मात्र नुसतं समाधान. २,५०० लिटरमध्ये मूठभर मिठाने काहीच होत नाही. नायट्राइट वाढलेलं आढळलं तर अडीच किलो जाडं मीठ, म्हणजे ०.१ टक्का, एवढ्याने मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. परजीवींसाठी ०.३ टक्के लागतं, साडेसात किलो, तीन दिवसांत विभागून. पण तळ्यात कमळ असेल तर ते माना टाकेल. झाडं आधी बाहेर काढा. मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही, फक्त पाणी बदलल्यावरच कमी होतं. म्हणून किती घातलं ते लिहून ठेवा.

एवढं करून दहा दिवसांनीही मासे अंग घासत असतील, तर मग परजीवी शोधायचे. एक मासा हातजाळीने वळवून तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या टबात घ्या, जाळीत लटकवून उचलू नका. उजेडात बघा. मसुराएवढी, चपटी, हिरवट टिकली अंगावर सरकताना दिसली तर ती माशावरची ऊ, अर्ग्युलस. खवल्याखाली रुतलेला दोऱ्यासारखा तुकडा आणि त्याच्या बुडाशी लाल सूज, तो लर्निया. परांवर रव्याचे दाणे सांडल्यासारखे ठिपके, तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. यातलं काहीच नाही आणि अंगावर नुसता राखी चिकटा साचलाय, तर डोळ्यांनी कळणार नाही, तिथे सूक्ष्मदर्शक लागेल. आणि तो तुमच्या जुन्या शाळेत आहे! माशाच्या छातीच्या परामागून काचपट्टीच्या कडेने, डोक्याकडून शेपटीकडे, हलकेच थोडा चिकटा निपटा. स्लाइडवर तळ्याच्याच पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि शंभरपट मोठं करून लगेच बघा. चिकटा वाळला की काही दिसत नाही. दातेरी कडं असलेली गोल तबकडी गरगरताना दिसली तर तो ट्रायकोडिना. एका टोकाला आकडे असलेली, लांब होणारी आणि आखडणारी अळी दिसली तर फ्लूक. या दोघांची औषधं वेगळी आहेत आणि मात्रा पाण्याच्या लिटरवर ठरते, म्हणून नाव कळल्याशिवाय काही आणू नका. स्वतः जमलं नाही तर मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या माणसांशी बोला. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीला अशी महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

आता जे सांगणार आहे त्यावर घरात भांडण होणार. अकरा कोई या तळ्यात मावत नाहीत. आता ते वीतभर असतील. कोई हा शोभेचा कार्प, आपल्याकडच्या तलावांत वाढवतात त्या सायप्रिनस नावाच्या कार्पचाच भाऊबंद. जपानच्या निगाता भागातल्या डोंगरी गावांत शेतकरी खाण्यासाठी तळ्यांत कार्प पाळायचे, त्यात रंगीत पिल्लं निघाली आणि ती निवडून वाढवत एकोणिसाव्या शतकात ही जात उभी राहिली. तो दोन फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. नातू बोहल्यावर चढेल तेव्हाही असेल. मोठ्या कोईला माशामागे हजार लिटर पाणी आणि किमान चार फूट खोली हवी. म्हणजे तुमच्या तळ्यात अखेरीस दोन, फार तर तीन. यंदापुरते पाच ठेवा, सहा मासे मोठं तळं असलेल्या कुणाला तरी द्या. मला विचाराल तर खरा उपचार हाच आहे, वरचं सगळं वेळ निभावून नेण्यापुरतं. नातवाला पाच नावं निवडायला लावू नका, त्याच्या जिवावर येईल. कुठले पाच ते तुम्हीच ठरवा आणि सहाजणांना भेटायला त्याला घेऊन जा. गोदावरीत किंवा धरणात मात्र सोडू नका. परका मासा आहे, चिखल उकरून पाणी गढूळ करतो, आणि तुमच्या तळ्यातला रोगही सोबत नेतो.

नवे तीन मासे म्हणूनच नकोत. पुढे कधी आणलेत, तरी किमान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने. १९९८ मध्ये इस्रायलमध्ये कोई हर्पिस विषाणूची मोठी साथ आली. २००३ मध्ये तो जपानमधल्या कासुमिगाउरा सरोवरात पोचला आणि तिथल्या कार्पपालनाचं कंबरडं मोडलं. माणसाला तो काही करत नाही, पण माशांवर त्याला औषध नाही. तो साधारण १६ ते २८ अंशांच्या पाण्यात जोर धरतो, म्हणजे आपला पावसाळा आणि हिवाळा. बाधित मासा दुकानात अगदी टवटवीत दिसू शकतो.

खाणं चौथ्या दिवशी सुरू करा. कोईला जठर नसतं, त्यामुळे एकदाच भरपूर टाकलेलं तसंच बाहेर पडतं. दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच, संध्याकाळी पाचनंतर नाही, आणि आभाळ भरलेल्या दिवशी निम्मं. पोळीचे तुकडे, भात, कुरमुरे बंद.

सासूबाईंचं दिशेबद्दलचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तळ्यावर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येत असेल तर अडीच फूट पाणी तापतं आणि शेवाळ फोफावतं. पन्नास टक्क्यांची शेडनेट त्या बाजूने लावा, त्यांचंही समाधान होईल. फिल्टरला यूव्ही दिवा जोडला तर हिरवेपणा दोन-तीन आठवड्यांत जाईल. पाणी नितळ झालं की खंड्या आणि ढोकरी यांना मासे दिसायला लागतील, तेव्हा वर जाळी हवीच. इंटरनेटवर तळं गोठल्यावर काय करावं याची पानंच्या पानं सापडतील, ती सोडून द्या. आपल्याकडे घात होतो तो मे महिन्यात आणि पहिल्या पावसात. धुराची गाडी गल्लीत आली की तळ्यावर ताडपत्री टाका आणि हवेचा पंप अर्धा तास बंद ठेवा. डासांसाठी वापरतात ती बहुतेक कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात. महापालिकेचे लोक डासांच्या अळ्यांचं औषध टाकायला आले तर त्यांना मासे दाखवा. जिथे मासे आहेत तिथे अळ्या उरत नाहीत.

आणि गणपती या तळ्यात नको. शाडूची माती इतकी बारीक असते की दिवसेंदिवस तरंगत राहते आणि कल्ल्यांत अडकते. रंग आणि निर्माल्य वेगळंच. मूर्ती मोठ्या टबात विरघळवा. प्लास्टरची मूर्ती असेल तर ती विरघळवायला पुण्यात अमोनियम बायकार्बोनेट वाटतात. ते पाणी झाडांना खत म्हणून घालता येतं, पण त्यात अमोनियाच अमोनिया असतो. ती बादली तळ्याच्या काठच्या झाडांना चुकूनही घालू नका. एका पावसात ते तळ्यात उतरेल.

पंधरा दिवसांनी मला लिहा. सकाळी सहाचा पीएच, संध्याकाळी पाचचा पीएच, केएच आणि अमोनिया, एवढे आकडे हवेत. स्लाइडवर काही दिसलं तर सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला मोबाइल लावून फोटो काढा आणि तोही पाठवा. नाव कळलं की औषध आणि मात्रा सांगतो.